न पाहिलेल्या बोकडाचे वय

तारापूरला वीज केंद्राच्या पायासाठी सुरुंग लागत होते, त्या वर्षी मी विज्ञानाची पदवी घेऊन घरी परतले. पुढे मुंबईला जाऊन भूविज्ञान शिकायचे आणि नामशेष प्राण्यांचा अभ्यास करायचा, हे मी ठरवून टाकले होते. वडिलांची संमती होती; परंतु आमच्या घरात वडिलांच्या संमतीला आणि विरोधाला सारखेच वजन असे, म्हणजे काहीच नाही. पानवेलीच्या वाडीपासून लग्नकार्यांपर्यंत सारे निर्णय थोरले काका घेत आणि प्रवेशाच्या अर्जावर सहीही त्यांचीच लागणार होती.

काकांचा आक्षेप मुलीच्या शिक्षणाला नव्हता, शास्त्रालाच होता.

“जे जनावर कोणी बघितलंच नाय, त्याचं वय, त्याचं खाणं तुमी सांगणार,” ते म्हणाले. “खोटं ठरवायला ते जनावर तर येणार नाय. असा धंदा मला पण जमंल.”

आक्षेप तर्कशुद्ध होता, त्यामुळे मला अधिकच राग आला. दातांच्या झिजेवरून आहार कळतो, हाडावरच्या खरबरीत खुणांवरून स्नायू कुठे जोडलेले होते ते कळते, आणि हे सारे आजच्या प्राण्यांशी ताडून पाहता येते, असे मी सविस्तर सांगितले. मग एवढे सुरुंग लागूनही तारापूरला एक हाड का निघाले नाही, असे त्यांनी विचारले. आपला काळा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात हाडे टिकत नाहीत, म्हणूनच मला बाहेर जायला हवे, हे माझे उत्तर त्यांना सोयीस्कर पळवाट वाटले.

त्या रविवारी काकांनी स्वतः बोईसरहून मटण आणले. कोवळे बोकड आहे, हे त्यांनी जेवताना दोनदा ऐकवले. मटण मात्र दोरखंडासारखे चिवट लागत होते आणि त्याचे खापर काकूंच्या चुलीवर फुटले. जेवणे आटोपल्यावर काकांनी धुतलेली हाडे केळीच्या पानावर माझ्यापुढे ठेवली. हे जनावर मी पाहिलेले नव्हते. त्याची माहिती सांगितली, तर सही मिळणार होती.

पहिल्यांदा मी एक मणका उचलून बाजूला ठेवला. त्याच्या दोन्ही बाजू वाटीसारख्या खोलगट होत्या. तो माशाचा होता, बहुधा मोठ्या घोळीचा. बोकडाच्या पाठीत मासा कसा गेला, असे काकांनी अत्यंत निरागसपणे विचारले. तुमच्या सदऱ्याच्या खिशातून, मी म्हणाले. काकांनी खिसा चाचपला.

उरलेली हाडे शेळीची की मेंढीची, हे एवढ्या तुकड्यांवरून ठामपणे सांगता येत नव्हते. मी तसे स्पष्ट सांगताच काकांचा चेहरा खुलला.

“म्हणजे नाय येत.”

“जे हाड सांगत नाही, ते मी सांगणार नाही, काका. वय मात्र सांगते.”

कोवळ्या प्राण्याच्या लांब हाडांची टोके कूर्चेने जोडलेली असतात आणि शिजताना सुटून येतात. इथे ती पक्की एकजीव झाली होती. शिवाय सांध्याच्या कडेला हाडाची झालर वाढली होती, जशी वर्षानुवर्षे चालून झिजलेल्या गुडघ्यात वाढते. हे जनावर कोवळे नव्हते, चांगलेच म्हातारे होते, असा निष्कर्ष मी मांडला.

काका काही बोलण्याआधीच काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

“ऐकलंत?” त्या शांतपणे म्हणाल्या. “माझी चूल बरी हाय. पोरीला जाऊं द्या मुंबईला.”

माझ्या पुराव्याला काका कदाचित आणखी फाटे फोडत बसले असते. काकूंपुढे त्यांना तेवढी उसंत मिळाली नाही. संध्याकाळी त्यांनी अर्ज मागून घेतला, दोनदा वाचला आणि सही केली.

गावात मात्र त्यांनी सांगितले की पुतणी मटण पारखायचे शिकायला मुंबईला निघाली आहे. बायका येऊन माझे कौतुक करून गेल्या. भूविज्ञानासाठी एवढे उत्साही समर्थन मला त्याआधी कुठेही मिळाले नव्हते, त्यामुळे मी कोणाचाही गैरसमज दूर केला नाही.