गाडी म्हंजे होडी नाय

त्या कामाला आमी इतकीच मानसं होतो. गॅरेजचे मालक विलासशेठ, पत्र्याचं काम करनारा रामनरेश, सातपाटीचा मोरेश्वर तांडेल, त्याची बायको हिराबाय, येऊन-जाऊन त्यांचा मुलगा नितेश, नि मी जानकी. तांडेल म्हंजे बोटीचा मुख्य, जाळं कुठं टाकायचं ते ठरवनारा. मदी उभी त्याची जुनी पांढरी अँबेसिडर. पुढची काच एका बाजूनं सुटलेली, दुसऱ्या बाजूनं अडकलेली.

"मौसी, खींचूँ क्या?" रामनरेश बोलला.

"हात लावशील तर बघ," मी बोलले.

काच फुटली असती तर दुसरी नव्हती. शेठनं फोन करकरून बघितलं होतं, त्या जुन्या मॉडेलची काच कोनाकडं मिळाली नाय. नि काच नाय तर गाडी नाय. नितेश आदीच बोलत होता, भंगारात द्या. त्याची नवी गाडी होती, बारकी. पन हिराबायच्या कंबरेचं ऑपरेशन झालेलं, एक पाय वाकत नाय. दर आठवड्याला तिला बोईसरला इस्पितळात आनावी लागते. रिक्षात बसवत नाय, बारक्या गाडीत पाय मावत नाय. अँबेसिडरच्या मागच्या सीटवर ती पाय लांब करून आडवी होते. म्हनून तांडेल गाडी सोडत नव्हता.

मी दातिवऱ्याची. शाळा थोडीच. नवरा बोटीवर होता. एकदा बोट आली, तो आला नाय. मग मी बोईसरला आले, गॅरेजात सीटकव्हर शिवायला लागले. बसून रडायला जागा नव्हती, मशीनवर बसायला होती. पुढं काचेचे रबर बसवायला पन शिकले.

काचेच्या भोवती रबराची पट्टी असते. तिला दोन खाचा. एकीत काच बसते, दुसरीत पत्र्याची कड. उन्हानं रबर सुकतो, चिरतो, मग पानी आत येतं. आमच्याकडं खारा वारा, त्यात पत्रा पन सडतो.

"गळायला लागली तेवा काय केलंस रे?" मी तांडेलाला विचारलं.

"अंगनात उभी केली. पावसात."

"पावसात?"

"होडी उन्हात सुकली का फळ्या आकसतात, गळते. पान्यात ठेवली का फुगतात, सांधे भरतात. मी बोललो, ही पन पिऊन घेईल."

"प्यायली ना!" हिराबाय मागच्या सीटवरनं बोलली. "माज्या गादीला शेवाळ आलं."

"मग?"

"मग कापूस नि डांबर भरलं," तांडेल बोलला. "होडीला भरतात तसं."

त्या डांबरानंच काच धरून ठेवली होती. रबर, काच, पत्रा, सगळं एक झालेलं.

विलासशेठला घाई, बाकीच्या गाड्या खोळंबलेल्या. ते बोलले, "जानकीबाय, काच परत आत दाबा. वरून सिलिकॉन मारतो. संध्याकाळी गाडी बाहेर."

"वरनं बंद होईल शेठ. आत सडलंय त्याचं काय? येत्या पावसात बाय परत भिजंल."

"आणि काच फुटली तर?"

"हळू काढू."

"हळू म्हणजे किती?"

"ते डांबराला विचारा."

शेठ हसले नि चा प्यायला गेले. मी फडक्यानं घासलेट लावत गेले. डांबर नरम झालं का पातळ सुरीनं रबराची बाहेरची कड कापायची. स्क्रूड्रायवर घालायचा नाय, काच कडेला चिरते. दुपार कलली तेवा काच सुटली. मी नि रामनरेशनं ती गोधडीवर ठेवली.

खालचा पत्रा गंजानं खाल्लेला निघाला. रामनरेशनं तो घासला, पॅच मारला, रंग दिला. रंग सुकेपर्यंत गाडी इथंच. नितेश आई-बापाला न्यायला आला. हिराबायला त्या बारक्या गाडीत बसवताना ती ओठ चावत होती. नितेशनं ते बघितलं. भंगाराचं काय बोलला नाय.

ती दोघं परत आली तेवा दारांचे रबर बसवून झाले होते. उरली पुढची काच. नवा रबर पार्सलातनं घड्या पडून आलेला, तो मी उन्हात टाकून सरळ केला. आदी तो काचेला चढवायचा. मग पत्र्याच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवायची, साबनाचं पानी लावायचं. एकानं बाहेरनं काच दाबायची, एकानं आतनं दोरी ओढायची. दोरीबरोबर रबराची कड पत्र्यावर चढते.

मी आत. शेठ बाहेरनं तळहातानं ठोकायला लागले. काच कट्कन वाजली.

मी बोट फिरवून बघितलं. चीर नव्हती.

"शेठ, बाजूला व्हा," तांडेल बोलला.

"तू गाडी पावसात भिजवणारा, तू मला शिकवणार?"

"गाडी नाय येत. ओढायचं येतं. दोघांचा दम एक पायजे."

त्यानं दोन्ही तळवे काचेवर ठेवले. "हेऽ" बोलला का मी ओढायची, थांबला का थांबायची. जाळं ओढतात तसं. खालच्या कोपऱ्यात रबर हट्टाला पेटला. परत साबन, परत हेऽ. बसली काच.

"आता पाइप मारा," हिराबाय बोलली. "मी आत बसते."

"भिजशील ना," शेठ बोलले.

"आजवर काय केलं मग?"

ती पाय लांब करून बसली. दारं लावली. रामनरेशनं पान्याचा पाइप सोडला, पुढनं, वरनं, बाजूनं. आत हिराबायचं तोंड हलत होतं. ऐकू कायच येत नव्हतं. मग ती काचेवर बांगड्या आपटायला लागली. तांडेल घाबरला, धावत जाऊन दार उघडलं.

"गळते काय गो?"

"गळत नाय. कवापासून बोलते, चा आना कोनीतरी."

"ऐकूच आलं नाय."

"सगळा जन्म नाय आलं. आता रबराचं नाव सांगतोस."

शेठनं सगळ्यांना चा सांगितला.

गाडी अजून फिरते. मोठ्या पावसात डाव्या दारातनं थोडा ओलावा येतो, तिथला पत्राच वाकडा हाय. हिराबाय पाय उजवीकडं करते.

वाचनाऱ्याला माजी इनंती हाय. पावसाच्या आदी काचेचा रबर नखानं दाबून बघा. कडक झाला असंल तर बदला, डांबर भरू नका. नि घरात कोनाला पाय लांब करून न्यावं लागत असंल, तर त्याला आत बसवूनच पाइप मारा. गळतं का नाय, ते बाहेर उभं राहून कळत नाय.