घोड्याचा चौथा पाय

देशाने जगासाठी दारं उघडली तेव्हा इतरांच्या घरी रंगीत टीव्ही आणि परदेशी साबण आले. आमच्या घरी घोडे आले. वीतभर उंचीचे, पांढरेफटक, रेझिनचे. परदेशातले हौशी लोक ते कपाटात मांडायचे, आणि अंगावरचा रंग, डाग अगदी खऱ्या घोड्यासारखे हवेत म्हणून हटून बसायचे. तिकडे रंगवून घेणं महाग पडे, म्हणून आबिड्समधल्या एका एक्स्पोर्टरने ते हैदराबादेत मागवायला सुरुवात केली.

मी तेव्हा बेकार होते. ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि आम्हा टायपिस्टांना नारळ मिळाला. दिलसुखनगरला मावसभावाचा कोचिंग क्लास होता. त्याच्या काउंटरवर बसून पालकांशी गोड बोलायचं, हा घरच्यांनी काढलेला तोडगा. गोड बोलणं मला आजतागायत जमलेलं नाही.

घोडे मात्र जमले. आधी पिवळसर हात, त्यावर पातळ तपकिरी रंगाचे सात-आठ थर, मग रंगीत खडूची पूड बहिणीच्या पावडरच्या पफने पोटाकडे घासायची. पांढरा डाग जिथे संपतो तिथे रेघ मारायची नाही, एकेक केस ओढायचा. हे सगळं वडिलांनी शिकवलं. ते भूमापन खात्यात नकाशे रंगवून रिटायर झालेले, आणि आजोबांकडे दौऱ्यासाठी घोडा असल्यामुळे स्वतःला घोड्यांतले जाणकार समजणारे. नामपल्लीत वरात दिसली की मला थांबवून विचारायचे, "हा कुमैत की अबलख?" तांबूस-तपकिरी अंग, काळी आयाळ म्हणजे कुमैत, ठिपक्या-डागांचा तो अबलख. नवरदेवाकडे आम्ही दोघांनी कधी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग परीक्षेचा घोडा आला. परदेशातल्या एका बाईंचा लाडका घोडा मेला होता आणि फोटोबरहुकूम तस्साच त्यांना हवा होता. पास झाला तर दर महिन्याला काम, नाहीतर मावसभाऊ. अंग कुमैत, कपाळावर पांढरा पट्टा, तीन पाय पांढरे, चौथा काळा.

"मनहूस आहे," वडील फोटो बघून म्हणाले. "असा घोडा धन्याच्या मुळावर येतो. चारी पाय पांढरे कर, पंचकल्याणी होईल. शुभ."

"बाबा, फोटोत आहे तेच करायचंय. तुमचं पंचांग नका काढू."

ते गप्प बसले, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पंधरा दिवस मान मोडून मी घोडा पुरा केला. पॅकिंग त्यांनी केलं, कारण माझ्या गाठी त्यांना पसंत नव्हत्या.

आबिड्सला एक्स्पोर्टरने खोका उघडला आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, चौथा पाँव भी सफेद कायकू कर दिए? दो दिन में ठीक करके लाओ, नै तो काम दूसरे को जाता."

चारही पाय पांढरे. आणि चीड आणणारी गोष्ट अशी की चौथा माझ्या तिन्हींपेक्षा सरस उतरला होता.

घरी येऊन मी वडिलांवर तोंडाचा पट्टा सोडला. "घोडा मेलाय बाबा! आता त्याचं आणखी काय वाईट व्हायचंय?"

"त्याचं नाही," ते म्हणाले. "तुझं. नोकरी गेली, त्यानंतर हे पहिलं मोठं काम. ते तुझ्या हातून मनहूस जायला नको."

 मी काळा रंग कालवला आणि ब्रश बुडवला. त्यांनी चष्मा लावला आणि ब्रश माझ्या हातातून काढून घेतला.

"सरक. मी करतो. हा पाय जो काळा करील, दोष त्याला लागेल."

जेवायलाही न उठता त्यांनी तो पाय खुरापासून वरपर्यंत काळा केला, केस न् केस. घोडा पास झाला. पुढे सहा वर्षं मला काम मिळत राहिलं. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. त्यांचा होता, पक्का होता, आणि ते मला माहीत होतं. तरी मी ब्रश परत मागितला नाही. मला ते काम हवं होतं.