झांजा कुणी झाडल्या

भिंगारच्या आमच्या वस्तीत महेंद्रला सगळे ‘कान’ म्हणत. जयंतीला कर्णे कुठल्या खांबाला बांधायचे, माईक का किंचाळतो, दोष डेकचा की कॅसेटचा, हे तो उभ्या उभ्या सांगायचा. सांगायचा म्हणजे हुकूम सोडायचा. मंडळाची पोरं तोंडावर ‘व्हय दादा’ म्हणायची आणि मागं शिव्या घालायची, पण तार तो म्हणेल तिथंच जोडायची.

त्याचा बाप लष्कराच्या मेसमध्ये वाढपी होता. एका साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं जाताना रेकॉर्ड प्लेयर आणि इंग्रजी रेकॉर्डी बापाच्या हवाली केल्या. गिटारी, ड्रम, घसा फाडून गाणारी गोरी पोरं. घरात कुणालाही त्यातलं अक्षर कळत नव्हतं. महेंद्रचं त्यावर म्हणणं, “शब्द कळत न्हाईत तेच बरं. वाजवणं नीट ऐकू येतं.” त्याचा जीव ड्रमवाल्याच्या झांजांवर. पितळेवर काडी पडल्यावर ती जी सरसर लांबवर जाते ना, ती विझेपर्यंत तो कुणाला बोलू द्यायचा नाही.

पुढं तो सुप्याच्या एका कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर लागला. तिथला आवाज मी गेटवर उभा राहून ऐकलाय. छातीत बुक्की बसते. पोरं कानात कापूस घालायची, तर सुपरवायझर तो काढायला लावायचा. का, तर त्याची हाक ऐकू येत नाही म्हणून. मी संघटनेचं काम करतो, गेटवर याच गोष्टीवरून माझी त्याच्याशी एकदा कॉलर धरण्यापर्यंत मजल गेली होती. महेंद्रच मला ओढत बाजूला घेऊन गेला.

सुट्टीच्या दिवशी त्याचा एकच धंदा. एकच अल्बम त्याच्याकडं चार तऱ्हेचा: साहेबाची रेकॉर्ड, इथली कॅसेट, दुबईवरून आलेली कॅसेट, आणि कुणी कुणी उतरवून दिलेल्या नकला. एकामागून एक लावायचा आणि निवाडा द्यायचा. ही फुगीर, ती चपटी, ह्यात गाणारा विहिरीत बसलाय. नव्वदीनंतर रेकॉर्डीच्या कंपन्यांनी नवंच काढलं. जुनी मूळ टेप घ्यायची, खरखर काढायची, आवाज उजळायचा आणि सीडीवर पुन्हा विकायची. कव्हरवर ‘रिमास्टर’ असं छापायचं. महेंद्र त्याला ‘फेरधुलाई’ म्हणायचा.

शहाण्णव साल असेल. जयमालाचा, म्हणजे महेंद्रच्या बायकोचा भाऊ नितीन पुण्यात नोकरीला होता. तो एका रविवारी सीडी प्लेयर आणि त्याच अल्बमची फेरधुलाई घेऊन आला. चहाला मीही होतो. आधी साहेबाची रेकॉर्ड लावली, मग सीडी. एक गाणं संपेपर्यंत महेंद्र डोळे मिटून बसला.

“गटारात टाक ही,” तो म्हणाला. “धूळ झाडता झाडता साल्यांनी झांजाबी झाडल्या.”

नितीन हसला. “दाजी, उलट झांजाच वाढवल्यात. पुण्यात दुकानदारानं ऐकवूनच दिली मला.”

“दुकानदार त्याचा माल वाईट म्हनंल व्हय? रेकॉर्डीत निदान अंधुक तरी हायेत. हिच्यात पार साफ.”

“अंधुक?” नितीन म्हणाला. “रेकॉर्डीत तर खणखणीत येतात की.”

मीही भांडलो, महेंद्रच्या बाजूनं. कंपनीवाले असेच असतात म्हणालो. मला काय कळत होतं त्यातलं? पण कंपनी म्हटलं की माझं डोकं आधी गरम होतं. नितीननं चिडून तेच गाणं परत लावलं आणि आवाज चढवला. तेवढ्यात आतून भाकरी थापता थापता जयमाला ओरडली, “नितीन, बारीक कर ते. काय चिसचिस लावलीय, सुई टोचल्यागत कानात.”

“कुठं चिसचिस?” महेंद्र म्हणाला.

झांजा वाजत होत्या. मला ऐकू येत होत्या, नितीनला येत होत्या, चुलीपुढच्या जयमालाला येत होत्या. महेंद्र आमची तोंडं बघत होता.

जयमाला हात पिठाचे तसेच घेऊन दारात आली. “तुमचं घड्याळ पाळीच्या आधी वाजतं, ते तरी कुठं येतं तुमाला? मीच उठवती की रोज. मला वाटायचं, दमतात म्हनून झोप लागती.”

त्यानं उठून सीडी बंद केली. जेवला नाही.

आठवडाभरानं मी त्याला गाठलं. म्हटलं, तपासणी करू, नुकसानभरपाईचा दावा लावू, हे कारखान्याचं पाप आहे. तो माझ्यावरच उखडला. “दाव्यावर काय लिहिनार? महेंद्र बहिरा? उद्या मला प्रेसवरनं काढतील आन परवा मंडळातली पोरं खांबापाशी उभं राहू देनार न्हाईत. तुला काय, तुला एक केस भेटंल.”

हे मला झोंबलं. मी पण नको ते बोललो. पण पुढच्या सुट्टीला तोच आला आणि म्हणाला, “चल. मशीन काय म्हनती ते तर बघू.”

नगरातल्या कानाच्या डॉक्टरकडं काचेची खोली होती. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. शिट्टी ऐकू आली की दाबायचं. बाहेरची बाई आवाज बदलत गेली. जाड आवाजांना महेंद्रनं पटापट बटण दाबलं. आवाज बारीक होत गेले तसा अंगठा थांबला. बाई आवाज चढवत राहिली, आणि हा डोळे मिटून, मान थोडी कलती ठेवून वाट बघत बसला, घरी बसायचा तसाच.

बाहेर आल्यावर म्हणाला, “हेडफोन बदला. हा तुमचा दबका हाय.”

बाईनं बदलला. पुन्हा सगळं केलं. कागदावरची रेघ आधी सरळ चालली होती, मग करंजी घाटासारखी खाली कोसळली होती. दोन्ही हेडफोनांत तीच.

डॉक्टर मला बरा माणूस वाटला. तो म्हणाला, गेलं ते येणार नाही. आवाजातच काम करत राहिलात तर उरलेलंही जाईल. आधी बारीक आवाज जातात, बायकांचं, लहान मुलांचं बोलणं अवघड होतं. सगळं पुटपुटल्यासारखं वाटतं.

महेंद्रनं विचारलं, “पुटपुटल्यासारखं म्हंजे?”

डॉक्टरनं समजावून सांगितलं. महेंद्र खाली बघत राहिला. त्याची थोरली राजनंदिनी तेव्हा चौथीत होती. “आमची पोरगी तोंडातल्या तोंडात बोलती म्हनून मी तिला सारखा डाफरतो,” तो म्हणाला. डॉक्टरला म्हणाला की मला, ठाऊक नाही. मग मला म्हणाला, “कुठं सही करायची ते सांग.”

त्याच दिवशी वकिलाकडं गेलो. वकिलानं सांगितलं, वर्षं लागतील, कारखाना म्हणेल जयंतीच्या कर्ण्यांनीच कान गेले. मी ज्या दाव्यांत धावलोय, त्यातले किती निकालाला लागलेत ते मला माहीत आहे. तरी सही घेतली. दुसऱ्या दिवशी त्यानं प्रेस सोडून गोदामात काम द्या म्हणून अर्ज टाकायचं ठरलं. पगार उतरणार होता.

परतताना भिंगारच्या रस्त्यानं चालत निघालो. लष्कराच्या गाड्या जात होत्या. मी त्याला धीर द्यायचा म्हणून बोलत होतो, संघटना पाठीशी आहे, यांना सोडणार नाही वगैरे. आणि माझ्या लक्षात न येता आवाज चढत चालला होता. समोरचा सायकलवाला वळून बघायला लागला.

महेंद्रनं माझ्या दंडाला हात लावला.

“ओरडू नको. मोटा आवाज मला येतोच,” तो म्हणाला. “सावकाश बोल, आन तोंड माझ्याकडं कर.”

मी तोंड त्याच्याकडं केलं. मग गोदामाच्या अर्जात काय लिहायचं ते एकेक शब्द सावकाश सांगायला लागलो.