काशेमामाची नोरे

समजा, तुम्हाला हत्तीचा माग काढायचाय. समोर वाळू आहे, वाळूत परातीएवढे ठसे आहेत, आणि ते दहा-बारा हत्तींनी उमटवलेत. तुम्हाला हवाय त्यातला एकच, म्हातारा नर. काय कराल? पुढच्या पायाचा ठसा गोल, मागच्याचा लांबट, एवढं कुणीही सांगेल. आता टाचेकडे बघा. तरण्या हत्तीच्या टाचेच्या भेगा वाळूत कोरल्यासारख्या उठतात. म्हाताऱ्याची टाच झिजून गुळगुळीत झालेली असते. मग लिदीत हात घाला. हो, मनगटापर्यंत. आत ऊब लागली तर हत्ती जवळ आहे. बोटभर लांबीच्या न चावलेल्या काटक्या हाताला आल्या, तर त्याच्या दाढा संपत आल्यात.

हे सगळं करायला मला अर्धा तास लागतो आणि तरीही चुकतं. काशेमामा हे चालता चालता करतो, तेही तोंडात पाइप ठेवून.

काशे माझ्या आईचा भाऊ नाही. पण माझ्या आईच्या भावाचं नाव काशे होतं, आणि आमच्यात नाव एक म्हणजे नातं एक. म्हणून तो माझा मामा. वय विचारलं की म्हणतो, "सरकारी कार्डावर काहीतरी लिहिलंय. ते वाचून घे, मला सांगू नकोस."

आमच्या गावांनी मिळून चालवलेल्या वन्यजीव संस्थेला दर वर्षी थोड्या म्हाताऱ्या हत्तींच्या शिकारीची परवानगी मिळते. परदेशी पाहुणे येतात, बंदूक त्यांची असते. मांस गावांत वाटलं जातं, आणि पाहुण्यांच्या पैशावर आमचे राखणदार आणि पाण्याचे पंप चालतात. काशेमामा बावीस वर्षं या शिकारींचा मागकरी आहे. शहरातली माणसं मला विचारतात, त्याला काही वाटत नाही का? मी एकदा त्यालाच विचारलं.

"वाटतं की," तो म्हणाला. "म्हणून तर मी हत्ती खात नाही. त्याला माणसासारखं कळतं. पण ज्याला काहीच वाटत नाही असा कुणी माग काढायला लागला, तर कुठलाही हत्ती मरेल. चालेल तुला?"

गेल्या ऑगस्टची गोष्ट. मी राजधानीत, विंडहुकला, नकाशाशास्त्र शिकून त्याच वर्षी संस्थेत लागले होते. शिकारीचा मार्ग जीपीएसवर नोंदवायचा म्हणून मला सोबत पाठवलं. पुढे मामा, मागे हेनिंग, म्हणजे परवानाधारक शिकारी, आणि त्याचा सत्तरीचा पाहुणा. तिसऱ्या सकाळी ठसे ताजे झाले. कडेची वाळू अजून ढासळली नव्हती. एका जुन्या गोरखचिंचेपाशी मामा थांबला, खाली बसला आणि पाइप भरू लागला.

"काय झालं? माग हरवला?" हेनिंगने विचारलं.

"माग समोर आहे. तुलाही दिसतोय."

"मग चल की!"

"इथून पुढे माझी नोरे आहे."

नोरे म्हणजे आईबापांकडून आलेला मुलूख. तिथलं पाणी, कंद, झाडं, आणि तिथे कुणी यावं हे ठरवायचा मान. सहसा कुणी कुणाला नाही म्हणत नाही. पण विचारावं लागतं. तहानेने मरायला टेकलेला माणूससुद्धा आधी विचारतो.

"काशे, बारा वर्षं इथून जातोय आपण," हेनिंग म्हणाला. "आजच काय हे?"

"बारा वर्षं मला वाटत होतं, तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात माझ्या पाण्यावर गुरं आली. दक्षिणेचं कुंपण तोडून जे गुराखी आलेत ना, त्यांची. मी विचारलं, कुणाला विचारून आणलीत? गुराखी म्हणाला, म्हातारबा, संस्थेच्या नकाशात ही जमीन रिकामी आहे. आता सांग हेनिंग, तुझ्या परवान्याला नकाशा जोडलाय, तो तोच का?"

हेनिंगने कागद काढला. मामाने तो माझ्याकडे दिला. "कोबा, वाच."

वाचायची गरजच नव्हती. गोरखचिंचेच्या पलीकडचा पिवळा पट्टा मीच रंगवला होता. उपग्रहाच्या छायाचित्रात छप्पर दिसलं नाही, शेत दिसलं नाही. शिकवलं होतं तसं मी लिहिलं: रिकामी जमीन.

"हे कुणी लिहिलं?"

"मी, मामा. ऑफिसात बसून."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. "म्हणजे तूही न विचारताच आत आलीस," एवढंच तो म्हणाला.

"हे बघ, या कागदावर मंत्रालयाचा शिक्का आहे," हेनिंग म्हणाला.

"मग शिक्क्यालाच सांग ना माग काढायला."

पाहुण्याने काय चाललंय ते हेनिंगला विचारून घेतलं. मग टोपी काढली, गुडघे चेपत वाळूत मामासमोर बसला आणि म्हणाला, "मी तुमच्या जमिनीत येऊ का?"

मामाने पाइप शांतपणे संपवला. तेवढा वेळ पाहुणा टोपी हातात धरून बसून राहिला.

"ये. पाणी पी. पण मी दाखवेन तोच हत्ती."

दुपारी हत्ती दिसले, एका झाडाखाली दोघं. एकाचे सुळे लांब आणि पांढरे. दुसऱ्याचा एक तुटलेला, गालफडं बसलेली. पाहुण्याच्या बंदुकीची नळी लांब सुळ्यांकडे वळली. मामाने हातातली काठी आडवी धरली.

"तो नाही. त्याला अजून पोरं व्हायचीत."

"पण सुळे बघ," हेनिंग कुजबुजला.

"बघितले. तू त्याची टाच बघ."

पाहुण्याने नळी वळवली. तरणा हत्ती निघून जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग एकच गोळी, आणि म्हातारा हत्ती जागीच बसला. मामाने जवळ जाऊन त्याच्या झिजलेल्या टाचेवर हात ठेवला. मग पाहुण्याकडे वळून म्हणाला, "या चामड्याच्या पिशवीसाठी तीन दिवस चाललो होय? मांस कुठाय हिच्यात?"

पाहुण्याचा चेहरा पडला. मी समजावलं, आमच्यात शिकार करणाऱ्याच्या डोक्यात हवा जाऊ नये म्हणून शिकारीला नावं ठेवतात. जितकी चांगली शिकार, तितकी जास्त नावं. तेव्हा कुठे तो हसला.

त्यानंतर अकरा दिवस मी जीपीएस घेऊन मामाच्या मागे चालले. आत जाण्याआधी विचारलं, हे सांगायला हवं. मला रिकाम्या वाटलेल्या त्या पट्ट्यात त्रेचाळीस नावं निघाली. ज्यांच्या बिया आम्ही खातो, त्या मोंगोंगोच्या झाडांची रांग. पावसाचं पाणी धरणारी झाडाची ढोली. मामाच्या वडिलांना पुरलं ती जागा त्याने नाव न सांगता नुसती काठीने दाखवली, आणि मीही नोंदीचं बटण दाबलं नाही.

संस्थेच्या सभेत नवा नकाशा जमिनीवर पसरला. गुराख्यांचे पुढारीही आले होते. मामाने एकेका ठिपक्यावर काठी टेकवत नाव सांगितलं, आणि त्याची बायको मध्येच दुरुस्ती करत होती, "अरे, ते कंद त्या बाजूला नाहीत, या बाजूला!" शेवटी सभेने ती नोरे मामाच्या कुटुंबाच्या नावाने नोंदवली. यापुढे शिकारीच्या परवान्यालाही त्याची संमती जोडायची, असं ठरलं. पुढाऱ्यांनी महिन्याभरात गुरं हलवायचं कबूल केलं.

सभा संपल्यावर म्हाताऱ्या बायका नकाशाभोवती जमल्या. "एवढं शिकून एवढंच?" एक म्हणाली. "माझ्या कोंबडीने पायाने काढलं असतं," दुसरी म्हणाली. मामाने शेवटचा घाव घातला, "आणि कोंबडीला अकरा दिवस लागले नसते." माझी छाती इतकी फुगली, तितकी विंडहुकच्या पदवीच्या दिवशीही फुगली नव्हती.

गुरं गेली. निदान आज तरी गेलीत. मामाने नकाशाची घडी घरी नेली आहे, आणि मी गेले की ती उघडून माझ्यासमोर ठेवतो, साखर भरपूर घातलेला चहा देतो आणि बोट गोरखचिंचेवर ठेवतो.

"इथे माझं नाव लिहिलंस, चांगलं केलंस. पण कोबा, ज्याला विचारायचंच नाही असा माणूस उद्या इथून आत आला, तर तुझा हा कागद उठून त्याच्यासमोर उभा राहील का?"