शंकाबाईंची वार्षिक सभा

मंडळात सगळे त्यांना तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठीमागे 'शंकाबाई'. हे त्यांच्या कानावर आलेलं होतं, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटत नव्हतं. कोळ्यांचा अभ्यास करणाऱ्या मंडळाचं कार्यवाहपद सांभाळायचं तर माणूस थोडा संशयी असलेलाच बरा, असं त्यांचं मत होतं. सभासद नोटीस हातात घेतात आणि सभेत उठून म्हणतात की मला नोटीस मिळालीच नाही. कोळ्यांच्या कुप्या आठवड्याच्या बोलीवर नेतात आणि वर्षभर घरी ठेवतात. अशांना सांभाळायचं म्हणजे डोळ्यांत तेल घालूनच बसावं लागतं.

बाईंची सगळी नोकरी नकाशे काढण्याच्या कचेरीत झाली. हात इतका स्थिर की एक रेघ कुठे संपली आणि दुसरी कुठे जोडली ते भिंगाखालीही कळू नये. म्हणूनच सरांनी त्यांना मंडळात आणलं होतं. सर म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे. तरुणपणी त्यांना एका बंद पडलेल्या दगडखाणीत एक काळा, पाठीवर नारिंगी पट्टा असलेला कोळी सापडला होता. असा कोळी आधी कुणी नोंदवलेला नव्हता. सरांनी त्याचं वर्णन लिहिलं, बाईंनी चित्र काढलं, आणि ते एका शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं. मंडळाने जगाला दिलेली तेवढी एकच गोष्ट. मंडळाच्या शिक्क्यावरही तोच कोळी होता.

मंडळाची खोली एका वाचनालयाच्या माडीवर होती. बोटं चिमटणाऱ्या घडीच्या खुर्च्या, कुप्यांचं एक काचेचं कपाट, खिडकीपाशी सूक्ष्मदर्शकाचं टेबल. एरवी तिथे चारदोन माणसं यायची. वार्षिक सभेला मात्र नियमाप्रमाणे कोरम लागे, आणि तो भरायचा म्हणजे बाईंच्या जिवाला घोर. त्यावर त्यांनी फार पूर्वीच उपाय काढला होता: घरची माणसंच सभासद करून टाकली. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, तो आला. दीर आले, जाऊबाई आल्या. नणंद तर कोळी दिसला की खुर्चीवर चढणारी, पण वहिनीच्या शब्दाखातर तीही दर वर्षी येऊन मागच्या रांगेत पाय वर घेऊन बसायची.

त्या वर्षी बाई सभेची विषयपत्रिका तयार करत असताना दातांचे डॉक्टर माडीवर आले. हे मंडळाचे खजिनदार. वयाने बाईंपेक्षा बरेच लहान, बोलायला तुटक.

"निवडणुकीच्या आधी अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय असतात ना," ते म्हणाले, "त्यात माझा एक विषय आहे."

"कोणता?"

"सभेतच बोलू."

"मला आधी कळलं तर छापता येईल."

"छापायला नको," डॉक्टर म्हणाले आणि जिना उतरून गेले.

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. छापायला नको असा विषय कोणता असतो? ज्याची आधी कुणाला तयारी करता येऊ नये, तोच. मग त्यांना एकेक गोष्ट दिसायला लागली. सरांच्या कोळ्याची कुपी कपाटात नव्हती. पुढच्या आठवड्यात ती जागेवर आली, पण बूच बाईंनी बसवलेलं तसं नव्हतं, जरा तिरकं होतं. सभेच्या तोंडावर नवे सभासद झाले: डॉक्टरांचा कंपाउंडर, एक शिंपी, एक बस चालवणारा. तिघांचेही अर्ज डॉक्टरांच्याच हस्ते आले. कालपर्यंत कोळी दिसला की चप्पल उचलणारी माणसं एकाएकी अभ्यासक कशी झाली? एकदा तर बाई जिना चढत असताना वर डॉक्टर आणि सर बोलत होते, आणि बाईंचं पाऊल वाजताच दोघं गप्प झाले.

त्या सरांकडे गेल्या. सरांचे हात आता थरथरत. चहाचा कप बशीत वाजत होता.

"सर, डॉक्टर तुम्हाला खुर्चीवरून उठवायला बघताहेत."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. "सभेत व्हायचं ते होईल," ते म्हणाले. "तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

बाई काय समजायचं ते समजल्या. सरांना बिचाऱ्यांना काही कळत नाहीये. डॉक्टरांनी त्यांना गोड बोलून गुंडाळलंय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढ दुखत असल्याचं सोंग घेतलं आणि थेट डॉक्टरांचा दवाखाना गाठला. बाहेरच्या बाकावर शिंपी गालाला हात लावून बसला होता. आत खुर्चीत मान मागे टाकून पडल्यावर बाईंना आतल्या खोलीचं दार दिसलं. नेहमी उघडं असणारं दार बंद होतं, आणि त्याच्या फटीतून पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास येत होता. दातांच्या दवाखान्यात सडकी केळी? एक चिलट घिरट्या घालत आलं आणि दिव्यावर बसलं. कंपाउंडरने दार जेमतेम उघडलं, आत सटकला, पुन्हा लावून घेतलं.

"दाढ चांगली आहे," डॉक्टर आरसा बाहेर काढत म्हणाले.

"मग दुखते कशी?"

"ते तुम्हीच सांगा."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. बाई पदर सावरून उठल्या. या माणसाने आपल्याला ओळखलं, एवढं त्यांना कळलं.

घरी नवरा डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात वाकला होता. बाईंनी सगळं सांगितलं. तो मान वर न करता म्हणाला, "अगं, त्याला सरळ विचार की."

"सरळ विचारलं की माणूस सावध होतो."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर आपण सावध होतो."

रविवारी त्यांनी घरच्या सगळ्यांना जेवायला बोलावलं आणि पानावरच बेत सांगितला. डॉक्टर सभेत काहीतरी ठराव आणणार. तो सरांच्या विरुद्ध असणार. ठराव काय आहे ते तुम्हाला कळायची गरज नाही. मी चष्मा काढून हातात घेतला, की विरोधात हात वर करायचे.

"आणि कोळ्याबिळ्याचं काही निघालं तर?" नणंदेने विचारलं.

"तरीही."

"हे बरं नाही, वहिनी," दीर पुटपुटले. पण बाईंचा चेहरा बघून त्यांनी पुढे भात कालवला.

सभेच्या दिवशी खोली कधी नव्हे ती भरली. पुढे डॉक्टरांची माणसं, मागे बाईंची. मागच्या सभेचं इतिवृत्त बाईंनी वाचलं, ते मंजूर झालं. वार्षिक अहवाल झाला. हिशेबाला कुणी हरकत घेतली नाही. बाईंचा मात्र कशातच जीव नव्हता. अखेर सर म्हणाले, "ऐनवेळचा विषय. डॉक्टर, बोला."

डॉक्टरांनी कंपाउंडरकडून एक लाकडी पेटी घेतली आणि टेबलावर ठेवली. आत ओळीने काचेच्या बाटल्या, तोंडाला जाळीचं कापड बांधलेलं. मागे नणंदेने पाय वर घेतले.

"दगडखाणीत एक तपकिरी कोळी सगळीकडे दिसतो," डॉक्टर सांगू लागले. "तो सगळ्यांना माहीत आहे, त्यात नवं काही नाही. मी त्याची एक मादी अंड्यांच्या पिशवीसकट आणली. पिल्लं निघाली. ती दवाखान्यात चिलटं घालून वाढवली. माझ्या कंपाउंडरने वाढवली म्हणा. बाकावर बसणारी माणसं आत येऊन बघायला लागली, त्यातले दोघे आज सभासद आहेत." शिंप्याने मान डोलवली. "पिल्लं मोठी झाली. माद्या निघाल्या आईसारख्या तपकिरी. आणि नर निघाले काळे. पाठीवर नारिंगी पट्टा."

त्यांनी एक बाटली उचलून उजेडात धरली.

"सरांचा कोळी वेगळ्या जातीचा नाही," डॉक्टर म्हणाले. "त्याच तपकिरी कोळ्याचा तो नर आहे. कुपीतल्या कोळ्याशीही ताडून बघितलंय. मंडळाने हे मान्य करावं आणि त्या नियतकालिकाला कळवावं, असा माझा ठराव आहे."

बाईंनी हातातली विषयपत्रिका मिटली. हा माणूस नुसती खुर्ची नाही, सरांचं नावच पुसायला निघाला होता. त्यांनी सरांकडे बघितलं. सर रागावलेले दिसत नव्हते. ते म्हणाले, "या ठरावाला माझं अनुमोदन आहे. पण मत घेण्याआधी बाईंनी बघावं. चित्र त्यांनी काढलं होतं."

बाई उठल्या. टेबलापर्यंतची वाट त्यांना लांबच लांब वाटली. सूक्ष्मदर्शकाखाली दोन नर शेजारी शेजारी ठेवले होते, एक कुपीतला जुना आणि एक दवाखान्यात जन्मलेला. बघताना मध्ये येतो म्हणून बाईंनी चष्मा काढला आणि त्या वाकल्या.

पायाचा प्रत्येक सांधा, तोंडापाशी असलेल्या दोन आखूड, पायांसारख्या अवयवांची गाठ, आणि ज्यावरून नराची जात ओळखतात तो गाठीवरचा आकड्यासारखा काटा. हा काटा चित्रात उतरवायला त्यांना त्या वेळी सगळी सुट्टी लागली होती. तोच काटा, तसाच वळलेला, दोन्ही कोळ्यांना होता.

मागे खुर्च्या कुरकुरल्या. मग कुणीतरी हसू दाबलं.

"अहो, मत अजून घेतलंच नाही," सर गोंधळून म्हणाले.

बाईंनी मान वळवली. मागच्या रांगेत नवरा, दीर, जाऊबाई, सगळ्यांचे हात वर. नणंदेने तर चुकायला नको म्हणून दोन्ही हात वर केले होते. आणि चष्मा बाईंच्या हातात होता.

डॉक्टरांनी ती रांग बघितली, चष्मा बघितला. "बाई, हे काय ठरवून चाललंय?"

नाही म्हणता आलं असतं. घरच्या माणसांनी काही सांगितलं नसतं. पण बाई म्हणाल्या, "हो. मीच सांगून ठेवलं होतं. मला वाटलं, तुम्ही सरांना काढायला बघताय." मग मागे बघून म्हणाल्या, "हात खाली करा." हात खाली आले. "मी बघितलं. डॉक्टर म्हणतात तसंच दिसतंय."

ठराव मंजूर झाला. मग निवडणुकीचा विषय आला, आणि डॉक्टर पुन्हा उठले. "एक सांगतो. सरांना काढायचा माझा विचार कधीच नव्हता. पण कार्यवाहपदाला मी उभा राहणार होतो आणि आताही राहतोय. सगळा कारभार एकाच घरात असू नये, असं मला वाटतं."

म्हणजे शंका निम्मी खरी होती. पण आता त्याचं समाधान वाटावं असं काही उरलं नव्हतं. बाईंनी घरच्यांना मत न देता बसून राहायला सांगितलं, कारण उठून गेले असते तर कोरम मोडला असता. थोड्या मतांनी बाई हरल्या. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि कपाटाचं कुलूप कुठे अडतं ते डॉक्टरांना तिथल्या तिथे दाखवलं.

खाली उतरताना सर कठड्याला धरून सावकाश एकेक पायरी उतरत होते. बाई त्यांच्या बरोबरीने चालत राहिल्या.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"मला बरीच वर्षं चुटपुट होती. फक्त नरच सापडतो, मादी कधीच नाही. असं कसं?" सर थांबले, दम घेतला. "मीच डॉक्टरांना म्हटलं, तपासा. कुपीही मीच माझ्या किल्लीने काढून दिली."

"मला का नाही म्हणालात? सगळ्या जगावर शंका घेणारी मी. सगळे हसतात त्यावरून."

"माझ्यावर कधी घेतलीत?"

बाईंनी सरांचा हात धरून त्यांना पुढची पायरी उतरवली.

"डॉक्टरांना माझं काही पटत नाही," सर म्हणाले. "म्हणून ते काम त्यांना दिलं. आणि तुम्हाला तोंडावर सांगायचं माझ्याने होईना. चित्र तुमचं होतं."

घरी जाताना नवरा एवढंच म्हणाला, "चष्मा नको, रुमाल ठरवायला हवा होता." बाईंना हसू आलं नाही. त्या रात्री जेवल्या नाहीत, आणि पुढचे काही दिवस माडीकडे फिरकल्या नाहीत. राग डॉक्टरांवर आहे असं वाटत होतं, पण खरं तर तो स्वतःवर होता. इतकी वर्षं त्यांनी सभासदांच्या सह्या, कुप्यांची बुचं, खुर्च्यांची संख्या तपासली, आणि जो कोळी रोज शिक्क्यावर दिसत होता त्याला मादी का नाही, हे कधी मनातही आलं नाही. सरांनी सांगितलं आणि त्यांनी काढलं.

मग एक दिवस त्या नवऱ्याला घेऊन दगडखाणीत गेल्या. दोघांनी दगड उलथले आणि एक तपकिरी मादी अंड्यांच्या पिशवीसकट बाटलीत घालून आणली. बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर बसली. बाजूला चिलटांसाठी सडकं केळं. नणंदेने निरोप पाठवला की फळी मोकळी होईपर्यंत मी काही त्या घरात पाऊल टाकायची नाही. पिल्लं निघाली, बाईंनी ती एकेका बाटलीत वेगळी केली, रोज बघितली. काही मेली. उरलेल्यांनी कात टाकली, पुन्हा टाकली. एका दुपारी भांडी पुसता पुसता बाईंना एका बाटलीत नारिंगी पट्टा दिसला. त्यांनी हात कोरडे केले, सगळ्या बाटल्या उजेडात आणून नीट बघितल्या आणि दवाखान्यात फोन लावला.

"तुमचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या.

"मला माहीत होतं की," डॉक्टर म्हणाले. मागे यंत्राची घरघर चालू होती.

"मला नव्हतं," बाई म्हणाल्या, आणि आता नर आणि मादी दोघांचं मिळून नवं चित्र कधी काढायला येऊ, ते विचारलं.