पावणेसात फेरे

लग्न होऊन ठाण्याहून शहाडला आले तेव्हा मला ट्रकबद्दल एवढंच ठाऊक होतं, की तो मोठा असतो आणि आपल्या अंगावर चिखल उडवून जातो. सासऱ्यांचं सगळं आयुष्य मात्र ट्रकखाली गेलेलं. घराच्या मागे पत्र्याची शेड होती, तिथे ते जुन्या गाड्यांचे मागचे अॅक्सल दुरुस्त करायचे. घरात सगळे त्यांना बाबा म्हणायचे, मीही म्हणू लागले. नवरा कारखान्यात पाळीवर असायचा. बाबांच्या हाताखालचा माणूस काम सोडून गेला, तेव्हा ते एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काय गो, चाक फिरवशील का?"

मला वाटलं, थट्टा करतायत. पण थट्टा नव्हती.

जुना ट्रक चार मालकांच्या हातून फिरून आलेला असायचा. मागच्या अॅक्सलमध्ये कुठल्या दातेरी चाकांची जोडी बसवलीय, हे शेवटच्या मालकाला माहीतच नसायचं. ते काढायची बाबांची रीत साधी होती. गाडी न्यूट्रलला, पुढच्या चाकांना ओंडके, मागचं एकच चाक जॅकवर. चाकावर खडूची एक रेघ, आणि इंजिनाकडून मागे येणाऱ्या लांब शाफ्टवर दुसरी. मागचं दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असलं की उचललेलं दुप्पट फिरतं, म्हणून ते एक नाही, पुरे दोन फेरे फिरवायचं. तेवढ्यात शाफ्टचे जितके फेरे होतील, तो त्या गाडीचा आकडा. मोठा आकडा म्हणजे गाडी हळू पण ओढायला दांडगी. छोटा म्हणजे सपाटीला पळणारी आणि चढाला मान टाकणारी. नवशिके एकच फेरा फिरवायचे, निम्मा आकडा घेऊन बाजारात जायचे आणि हसं करून घ्यायचे. बाबा हे सांगताना स्वतःच इतके हसायचे की त्यांना खोकला लागायचा.

मी चाक फिरवायची, बाबा खाली आडवे पडून शाफ्ट मोजायचे. कागद नाही, पेन्सिल नाही. आणि मी जळायची. खोटं कशाला सांगू? शाळेत गणितात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि इथे मी काय, तर चाक ढकलणारी. एकदा म्हटलंसुद्धा, "बाबा, आज मी मोजते." तर म्हणाले, "साडी मळंल." मी म्हटलं, "चुलीपुढे मळते ती चालते वाटतं!" ते नुसते हसले आणि ट्रकखाली शिरले. मुरबाडपासूनचे ड्रायव्हर त्यांच्या तोंडच्या आकड्यावर सामान आणायचे. ती जागा ते कोणाला देणार नव्हते.

मग एक विटांचा ट्रक आला. कल्याणच्या भट्ट्यांवरून विटा भरून घाट चढायचा, हे त्याचं रोजचं काम. मागून रडल्यासारखा आवाज येत होता, दातांची जोडी झिजली होती. मालक स्वतः चालवत आलेला. म्हणाला, "बाबा, आहे तोच आकडा पाहिजे. या गाडीनं मला घाटात कधी दगा दिला नाही."

जॅक लागला. बाबांनी रेघा मारल्या आणि खाली गेले. मी चाक फिरवू लागले. चाकाशेजारून वाकलं की शाफ्टवरची रेघ मलाही दिसायची, आणि मी मनात मोजायचीच, ती माझी खोडच होती. पावणेसात.

"साडेपाच," खालून बाबा म्हणाले.

माझे हात चाकावरच राहिले. साडेपाचाची जोडी घातली तर विटांनी भरलेली ही गाडी घाटात मधेच थांबणार, कदाचित मागे घरंगळणार. आणि तोंड उघडलं, तर मालकासमोर बाबांची इतक्या वर्षांची पत जाणार. एरवी माझी जीभ घरात सगळ्यांना पुरून उरायची. त्या दिवशी तिला खोटं बोलावं लागलं.

शेवटी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं. दुसऱ्या फेऱ्यात चाक आधीच थांबवलं मी. परत फिरवते."

"बाईमाणसाचं काम आहे का हे!" मालक म्हणाला. मी ऐकून घेतलं.

परत फिरवलं, सावकाश, रेघेला रेघ जुळवून. पावणेसात. खालून बाबा जरा हळू म्हणाले, "साडेपाच?"

ते विचारत होते. मी चाक पुन्हा रेघेवर आणून धरलं.

बाबा सरपटत बाहेर आले. धोतर झटकलं, मालकाकडे पाहिलंच नाही. मला म्हणाले, "तू जा खाली. मी फिरवतो."

मी जवळजवळ उडीच मारली. साडीचा काचा मारून ट्रकखाली गेले, पाठ टेकली आणि पहिल्यांदाच शाफ्ट जवळून पाहिला. आम्ही पातळ रेघ मारायचो, दोऱ्याएवढी. बाबांनी ही बोटभर जाड मारली होती. पुन्हा पुन्हा गिरवलेली, खालच्या मातीत खडूचा चुरा पडला होता. ती पांढरीफटक रेघ माझ्या नाकासमोर होती. ती त्यांना दिसली नव्हती.

हे मला कळलं, पण आनंद आधी झाला. हे कबूल करायची लाज आजही वाटते. शाफ्ट फिरू लागला आणि मी मोठ्यानं मोजू लागले, एक, दोन, तीन, शाळेत पाढे म्हणावेत तशी. "पावणेसात!" मी ओरडले, आणि हसत हसत बाहेर आले.

चाक केव्हाच थांबलं होतं. बाबांनी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. मालकाकडे वळून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "पावणेसात. माझ्या सुनेनं मोजलंय, डोळं मिटून आण जोडी."

मालक गेला. बाबांनी खिशातून उरलेला खडू काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि भिंतीला हात लावत लावत घरात गेले.