दोघांचं घर लावताना

आमच्या पडद्यांच्या दुकानात तिला सगळे टेपताई म्हणायचे. मोजमापाची टेप दिवसभर तिच्या गळ्यात असायची, आणि पुष्कळदा ती तशीच घरी जायची. मी कापड कापायचे, ती शिवायची. माझं टेबल आणि तिचं मशीन समोरासमोर होतं. त्यामुळे तिचं बरंचसं आयुष्य मला कापड कापता कापता कळलं.

आईच्या आजारपणात तिची लग्नाची वर्षं निघून गेली. आई गेली तेव्हा चाळिशी कधीच उलटली होती. भाड्याच्या एका खोलीत एकटी राहायची. लोकांच्या घरी मापं घ्यायला जायची आणि परत आली की मला त्यांच्या खोल्यांचं वर्णन ऐकवायची. "एवढी मोठी खिडकी, आणि बयेला म्हणे प्लास्टिकच्या पट्ट्या लावायच्यात!" असं हळहळायची, जणू ती खिडकी तिच्या माहेरची होती.

मग तिला एक स्थळ आलं. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणारा कारागीर. बायको काही वर्षांपूर्वी वारलेली, मूलबाळ नाही. माणूस इतका मऊ की आवाज चढवणं त्याला ठाऊकच नव्हतं. आमचे मालक म्हणाले, "जोडी झकास आहे. एक खिडक्या झाकणार, दुसरा बोळकी भरणार." ताई लाजली. या वयात आपण लाजतो, याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

जुन्या घरात संसार मांडायचा नाही, हे त्यानेच ठरवलं. "तिथे तुला परकं वाटेल," म्हणाला. ते घर विकून त्याने दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं नवं घर घेतलं. सुटीच्या दिवशी दोघं त्या रिकाम्या घरात जायची. तो खडूने फरशीवर चौकोन आखायचा. इथे पलंग, इथे टेबल. ती त्या आखलेल्या पलंगावर मांडी घालून बसायची आणि थर्मासमधला चहा ओतायची.

"मला आतल्या खोलीतली खिडकी हवी," ती म्हणाली. "तिथे माझं मशीन ठेवीन. उजेड छान येतो."

"घे की. आणखी काय?"

"आणखी काही नको. तुम्हाला काय हवंय?"

"मला काहीही चालतं गं."

हे सांगताना ताईचा चेहरा उजळायचा. "काहीही चालतं म्हणणारा नवरा मिळायला नशीब लागतं," ती म्हणायची. "लागतं बाई," मीही म्हणायचे.

भिंतींना तिने फिकट हिरवा रंग निवडला होता. लागला पिवळा. हिरव्याने खोली अंधारेल असं रंगारी म्हणाला, आणि तिला विचारायला वेळ नव्हता. मग जुन्या घरातला पलंग आला. भक्कम लाकूड, टाकून कशाला द्यायचं? मग कपाट आलं, पहिल्या बायकोचं, एवढं अवाढव्य की दाराची चौकट उचकटून आत घ्यावं लागलं. ते आतल्या खोलीत खिडकीला अर्धं झाकून उभं राहिलं. मशीन तात्पुरतं पॅसेजमध्ये गेलं. "होतं असं घर लावताना," ताई म्हणाली.

लग्न झालं, आणि त्याच सुमारास आमच्याकडे एका हॉटेलचं मोठं काम आलं. ताई रोज उशिरा सुटायची. त्याने रजा काढली आणि सगळं स्वयंपाकघर एकट्याने लावलं. डबे, कप, चमचे, सगळं जिथल्या तिथे. ताईचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी दुकानात तिने प्रत्येकाला पकडून ते सांगितलं.

काही दिवसांनी मी घर बघायला गेले, तेव्हा तिची नणंदही आली होती. "वहिनी, तुम्ही बसा, चहा मी टाकते," म्हणून ती आत गेली.

"साखर सापडायची नाही त्यांना," म्हणत ताई उठली. दारापाशीच थांबली. नणंदेच्या हातात साखर होती. मग गाळणं, मग कप. एकही खण उगाच उघडला नाही.

"बरं सापडलं सगळं," ताई म्हणाली.

"शोधायचं काय त्यात?" नणंद हसली. "आधीच्या वहिनीचं स्वयंपाकघर अगदी असंच होतं. दादाने सगळं तस्संच लावलंय, रंगसुद्धा तोच..." आणि तिने जीभ चावली.

ताईने कप हातात घेतला. "चहा छान झालाय," म्हणाली. घोट घ्यायच्या आधीच.

नंतर तिने नवऱ्याला विचारलं, "मुद्दाम केलंत?" त्याने घरभर नजर फिरवली, जणू पहिल्यांदाच बघत होता.

"नाही गं. जे जिथे बरं दिसेल तिथे ठेवत गेलो. मला दुसरं काही सुचलंच नाही."

"मग मी लावू?"

"लाव की. मला काहीही चालतं."

तिने रजा टाकली, दोन हमाल बोलावले आणि घर फिरवलं. पलंग, कपाट, डबे, सगळं. मशीन खिडकीखाली आणलं. संध्याकाळी तो म्हणाला, "छान दिसतंय." तक्रार कधीच केली नाही. पण टॉवेल नसेल तिथे त्याचा हात जायचा. चमच्यासाठी भलताच खण उघडून तो तसाच उभा राहायचा. विचारायचा नाही. हळूहळू त्याने घरी चहा घेणं सोडलं, मग वेळेवर घरी येणंही.

एकदा ती घरी आली तेव्हा तो आतल्या खोलीत कपाटाच्या जुन्या जागेसमोर उभा होता, रिकाम्या भिंतीवर हात टेकून.

"अहो?"

"या घरात ती आता कुठेच नाही गं," तो डोळे पुसत म्हणाला. "मला वाटलं होतं, नव्या घरात बरं वाटेल."

"ते भांडले असते तर मीही भांडले असते," ताई मला म्हणाली. "रडणाऱ्याशी काय भांडू?"

हमाल तिनेच पुन्हा बोलावले. मशीन पॅसेजमध्ये गेलं.

मी एकदा रागाने विचारलं, "सोडून का देत नाहीस?"

"कुठे जाऊ? माझी खोली केव्हाच दुसऱ्याला गेली. आणि सांगू काय लोकांना? ना दारू, ना मारझोड. मी आजारी पडले तर रात्रभर उशाशी बसतात."

याला बरीच वर्षं झाली. हल्ली दुकान बंद व्हायची वेळ झाली की ताई एखादी उसवायची शिवण शोधत बसते. मालक चाव्या वाजवतात, तेव्हा उठते. घरी भांडण नाही, अबोला नाही. दोघं जेवतात. तो भांडी घासतो, ती पुसून त्याच्या हातात देते, आणि तो ती जागच्या जागी लावून ठेवतो.